मुलगा गप्प आहे आणि बाकीचे गात आहेत

एखाद्या गाण्यात लहान मुलाचा छळ वर्णिलेला असेल, तर त्याचा अर्थ लावायला बसताना मी सर्वप्रथम एवढेच पाहते की या ओळी कोणाच्या तोंडी आहेत. मूल स्वतः बोलते आहे, छळणारा बोलतो आहे, की बाजूला उभा राहून पाहणारा कोणी बोलतो आहे, यावर त्या गाण्याचे नैतिक वजन ठरते, असे मला वर्षानुवर्षांच्या ऐकण्यातून वाटू लागले आहे. या कसोटीवर जी रचना मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ती म्हणजे 'द हू' या ब्रिटिश बँडची मे 1969 मध्ये प्रसिद्ध झालेली 'टॉमी' ही दुहेरी ध्वनिमुद्रिका. रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक गाण्यांतून सलग कथा सांगणारी रचना, म्हणून तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. परंतु तिच्या केंद्रस्थानी न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा एक मुलगा आहे आणि त्याच्यावर घरातल्याच माणसांनी अत्याचार केले आहेत, ही गोष्ट कौतुकाच्या ओघात मागे पडते.

कथा थोडक्यात अशी आहे. कॅप्टन वॉकर पहिल्या महायुद्धात बेपत्ता होतो आणि त्याच्या माघारी त्याचा मुलगा टॉमी जन्मतो. पत्नी दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडते आणि 1921 साली कॅप्टन अनपेक्षितपणे परत येतो. त्यानंतर त्या घरात एक खून होतो. ध्वनिमुद्रिकेतील गाण्यात या खुनाचे उघड वर्णन कोठेही नाही, तो श्रोत्याने ताडायचा आहे. गाण्यात स्पष्टपणे येते ते एवढेच की मुलाने सगळे पाहिले आहे हे मोठ्यांच्या ध्यानात येते आणि ते त्याला बजावतात की तू काही ऐकले नाहीस, काही पाहिले नाहीस, आणि आयुष्यात कधी कोणाला काही सांगणार नाहीस. शिवाय, पुराव्यावाचून हे सारे किती असंभव वाटते, अशा आशयाची एक ओळही तेथेच येते. लहान मुलाची साक्ष मोठी माणसे कशी मोडून काढतात, याचे इतके अचूक चित्रण मला रॉक संगीतात अन्यत्र क्वचितच आढळले आहे. धाक आहेच, पण त्याच्या जोडीला असे घडलेच नाही हे पटवून देण्याचा प्रयत्न आहे, आणि मुलाला स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवले जात आहे. खून शब्दांत न सांगण्याची युक्ती येथे फार सखोल काम करते, कारण ज्या घटनेचा पुरावा पालक मुलाच्या मनातून पुसत आहेत, ती संहितेतूनही पुसली गेलेली आहे.

केन रसेल यांनी 1975 साली केलेल्या चित्रपटात ही मांडणी उलटवली आहे. तेथे युद्ध दुसऱ्या महायुद्धाचे आहे आणि मारला जातो तो परतलेला पिता. त्यामुळे चित्रपटातील मुलाला गप्प करणाऱ्यांत एक परका खुनी येऊन बसतो आणि प्रेक्षकाला राग धरण्यासाठी सोयीचा माणूस मिळतो. मूळ ध्वनिमुद्रिकेत ही सोय नाही. ज्या पित्याच्या परतण्याची वाट पाहावी, तोच पत्नीच्या साथीदाराला मारतो आणि तोच मुलाला गप्प राहायला सांगतो. मला मूळ मांडणी अधिक खरी वाटते, कारण मुलांवरील अन्यायाच्या बहुतेक प्रसंगांत सांत्वन करणारा हात आणि तोंडावर ठेवलेला हात एकाच माणसाचा असतो.

म्हणून टॉमीच्या अपंगत्वाकडे मी आजार म्हणून पाहू शकत नाही. ते आज्ञापालन आहे. न पाहिलेस, न ऐकलेस, न बोलशील, या तीन आज्ञा मुलाने शब्दशः पाळल्या आहेत. पुढे डॉक्टरच्या प्रवेशात याला दुजोरा मिळतो. त्याचे डोळे प्रकाशाला प्रतिसाद देतात, त्याला ऐकूही येते, पण हाकेला उत्तर देता येत नाही, असे तपासणीत दिसते. याचा अर्थ तो सोंग करतो आहे असा नाही. मानसिक आघातानंतर इंद्रियांना कोणतीही शारीरिक इजा नसताना दृष्टी, वाचा किंवा हालचाल नाहीशी होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला तेव्हाही ठाऊक होते आणि आजही असे रुग्ण असतात. कथेचे 1921 हे साल लक्षात घेतले तर याला आणखी एक धागा मिळतो. पहिल्या महायुद्धातून परतलेले कित्येक सैनिक जखमेवाचून मुके झाले होते, काहींची दृष्टी गेली होती, आणि लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात लुईस यीलंड हे डॉक्टर अशा मुक्या सैनिकांना विजेचे झटके देऊन बोलते करीत. 'टॉमी'मध्ये युद्धावरून बाप परततो, पण वाचा जाते ती मुलाची. युद्धाने मोठ्यांच्या देहात पेरलेला आघात त्या घरातील सर्वांत लहान माणसाच्या देहात उगवला आहे, असे मी या भागाचे वाचन करते. रचनाकारांच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. ज्या काळात कथा ठेवली आहे, त्या काळाने हा अर्थ तिला दिला आहे.

आता या रचनेचा जो अर्थ सर्वांत रूढ आहे त्याकडे वळते. बँडचे प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड हे भारतीय आध्यात्मिक गुरू मेहेर बाबांचे अनुयायी झाले होते आणि ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत बाबांचा अवतार म्हणून उल्लेख आहे. रूढ अर्थ असा की टॉमीचे अंधत्व आणि बधिरत्व हे सामान्य माणसाच्या आध्यात्मिक अज्ञानाचे रूपक आहे, त्याची बंद इंद्रिये त्याला अंतर्मुख करतात, त्याला बाह्य जग केवळ संगीतमय स्पंदनांच्या रूपात जाणवते आणि शेवटी त्याला साक्षात्कार होतो. 1968 साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत टाउनशेंड यांनी या कल्पनेचे विस्ताराने विवरणही केले होते, तेव्हा या अर्थाला आधार नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. 'अमेझिंग जर्नी' हे गाणे तर उघडपणे सांगते की हा आजार मनाला अशा ठिकाणी नेईल जिथे ते एरवी जाऊ शकत नाही.

तरीही या अर्थाशी माझे भांडण आहे, आणि ते मेहेर बाबांच्याच मौनाकडे पाहिले की स्पष्ट होते. बाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत ते पाळले. हे मौन एका प्रौढ माणसाने स्वतः निवडलेले होते, आणि त्या काळात ते संवाद करीतच होते, आधी अक्षरफलकावर बोट फिरवून आणि 1954 नंतर हातांच्या खुणांनी. भोवतालची माणसे त्या खुणा वाचायला शिकली होती. टॉमीचे मौन लादलेले आहे आणि त्याच्या खुणा वाचायला कोणीही शिकलेले नाही. दोन्ही मौने एकाच तराजूत घालून दुसऱ्याला पहिल्याचे तेज द्यायचे, म्हणजे मुलाला गप्प करणाऱ्यांच्या कृत्याला नकळत साधनेचा मान द्यायचा. अत्याचाराला आत्मोन्नतीची पायरी ठरवणारे कोणतेही वाचन मला मान्य होत नाही, मग ते खुद्द रचनाकाराने सुचवलेले का असेना.

छळाची दोन गाणी, 'कझिन केव्हिन' आणि 'फिडल अबाउट', टाउनशेंड यांनी लिहिलेली नाहीत. हा विषय आपल्याला झेपणार नाही असे वाटून त्यांनी ती बँडमधील बास गिटारवादक जॉन एन्टविसल यांच्याकडे सोपवली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात टाउनशेंड यांनी लहानपणी आजीकडे काढलेल्या दिवसांविषयी आणि तेथील छळाच्या धूसर आठवणींविषयी लिहिले आहे. त्यामुळे ती गाणी दुसऱ्याच्या हाती देण्याला आज वेगळा अर्थ येतो. पण रचनाकाराच्या दुःखाची किल्ली करून सगळी कुलपे उघडण्याचा मोह मी टाळते. एन्टविसल यांनी लिहिलेल्या ओळी त्यांच्या स्वतःच्या आहेत आणि त्या स्वतंत्रपणे वाचायला हव्यात.

या दोन्ही गाण्यांत 'मी' म्हणणारा छळणारा आहे. केव्हिन हा चुलतभाऊ सुरुवातीलाच सांगतो की आता घरात आपण दोघेच आहोत. पुढे तो आपण काय काय करणार आहोत याची यादी खेळाच्या उत्साहात म्हणून दाखवतो. डोके पाण्यात बुडवणे, केस धरून ओढणे, सिगारेटचा चटका देणे, पावसात बाहेर उभे करणे, जिन्यावरून ढकलणे, हे सारे उंच पट्टीतल्या, जवळजवळ मधुर अशा स्वरमेळात येते. अर्नी हा काका तर सरळ लैंगिक शोषण करतो आणि मुलाच्या न बोलण्याचाच फायदा घेतो. शब्द आणि चाल यांतील हे अंतर काहींना विनोदी वाटते. मला ते फार विचारपूर्वक केलेले वाटते. छळणाऱ्याला आपले कृत्य हलकेफुलके वाटत असते, आणि चाल त्याच्या मनाची आहे, मुलाच्या मनाची नाही. ज्यांच्या स्वतःच्या बालपणी असे काही घडले आहे, त्यांनी ही दोन गाणी वगळून पुढे जावे, कथेचा धागा त्यामुळे तुटत नाही, हेही येथे सांगून ठेवते.

याउलट अमेरिकन गायिका सुझान वेगा यांच्या 1987 सालच्या 'लुका' या गाण्यात मारले जाणारे मूल स्वतः बोलते. ते श्रोत्याला शेजारी मानून विनवते की रात्री काही आवाज ऐकू आले तर काय झाले म्हणून विचारू नका. तेथे श्रोता भिंतीपलीकडे आहे आणि त्याला दार ठोठावता येते. 'कझिन केव्हिन' ऐकताना मात्र श्रोता त्याच खोलीत असतो, छळणाऱ्याच्या बाजूला, आणि चाल गुणगुणतही असतो.

'फिडल अबाउट'च्या आधी अर्ध्या मिनिटाहूनही लहान असे एक गाणे आहे, 'डू यू थिंक इट्स ऑलराइट?', आणि माझ्या मते संपूर्ण रचनेतील सर्वांत भेदक जागा ही आहे. मुलाला या काकाजवळ सोपवून जाणे बरे आहे ना, असे आई विचारते, पुन्हा विचारते, आणि बाप उत्तर देतो की बरेच आहे. एवढेच. शंका आलेली आहे, ती तोंडाने बोलूनही झाली आहे, आणि ती बोलून झाल्यामुळेच जणू तिचे काम संपले आहे. दोघे निघून जातात. मुलाचे रक्षण करू शकणाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची वाट या काही सेकंदांनी बंद केली आहे. मूल सांगू शकणार नाही, हे येथे तिघांनाही ठाऊक आहे, आणि अपंग मुलांच्या बाबतीत धोका नेमका येथूनच सुरू होतो. 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यानुसार अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत 3.7 पट असते आणि लैंगिक हिंसेची शक्यता 2.9 पट. एन्टविसल यांच्यापुढे 1969 साली असे आकडे नव्हते, पण कारण त्यांनी ओळखले होते.

टॉमी बरा होईपर्यंत त्याच्या स्वतःच्या तोंडी फार थोडे शब्द येतात. त्यांतले मुख्य म्हणजे मला पाहा, मला जाणा, मला स्पर्श करा, मला बरे करा, अशा आशयाचे पालुपद. ते प्रथम 'ख्रिसमस'मध्ये येते. बाप चिंता करतो आहे की ज्या मुलाला ख्रिस्त कोण हेच ठाऊक नाही त्याच्या आत्म्याचा उद्धार कसा होणार, आणि त्या धार्मिक चिंतेच्या मध्येच हे साधे मागणे ऐकू येते. त्यावेळी स्पर्शाच्या मागणीत विशेष काही खटकत नाही. त्यानंतर केव्हिन येतो, अंमली पदार्थ देणारी 'ॲसिड क्वीन' येते, अर्नी येतो. आणि मग डॉक्टरसमोर, आरशापुढे, तेच पालुपद त्याच सुरांत पुन्हा येते. शब्दांत काही बदललेले नाही, पण मध्यंतरी स्पर्शाने त्या मुलाचे काय केले हे आपल्याला ठाऊक झाले आहे. एवढे होऊनही तो स्पर्श मागतो आहे, ही या रचनेतील मला सर्वाधिक हलवणारी गोष्ट आहे. तो ज्याला हे मागतो आहे, ते त्याचे आरशातले प्रतिबिंब आहे. खोलीतल्या मोठ्या माणसांपर्यंत ते पोचतच नाही.

आणि याच ठिकाणी माझा एक जुना आक्षेप उभा राहतो. या ऑपेरात टॉमीला बरे करण्यासाठी किती जण झटतात! फेरीवाला, अंमली पदार्थांची राणी, डॉक्टर, आईबाप, सगळे येतात, आणि जवळजवळ सगळे त्याच्याशी बोलतात, ओरडतात, तुला ऐकू येते का असे पुन्हा पुन्हा विचारतात. त्याच्या तळहातावर अक्षर काढून पाहावे असे एकालाही सुचत नाही. अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर यांना त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी 1887 साली याच मार्गाने भाषा दिली होती, 1904 मध्ये हेलन पदवीधर झाल्या होत्या आणि कथेतील काळात त्या जगप्रसिद्ध होत्या. अंध आणि बधिर मुलाशी संवाद होऊ शकतो हे जगाला ठाऊक होते. पिनबॉल या यंत्रावर चेंडूने खेळायच्या खेळावरचे गाणे आहे 'पिनबॉल विझार्ड', त्यात तर पुरावाच समोर येतो. तो यंत्राशी एकजीव होऊन, वास आणि स्पर्श यांच्या आधाराने, साऱ्या डोळस खेळाडूंना हरवतो. पण हे गाणे त्याच्या पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी आहे आणि त्यात आश्चर्य व स्तुती यांखेरीज काही नाही. ज्या हातांनी तो यंत्र समजून घेतो त्या हातांशी आपणही बोलावे, हा विचार कोणाच्या मनात डोकावत नाही. अपंग मुलाचे कौशल्य चमत्कार म्हणून टाळ्या मिळवते आणि संवादाची वाट म्हणून दुर्लक्षिले जाते. हे गाणे इतके लोकप्रिय आहे की त्यातला हा दुर्लक्षाचा भाग कोणी ऐकत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

बरे होणे घडते ते आईने रागाच्या भरात आरसा फोडल्यावर, क्षणात आणि संपूर्ण. रूपक म्हणून हे नेटके आहे. अपंगत्वाचे चित्रण म्हणून मला ते कच्चे वाटते, कारण यात अपंगत्व ही केवळ उलगडायची गाठ उरते आणि ती सुटली की त्या देहाविषयी बोलण्यासारखे काही राहत नाही. याच्या तुलनेसाठी मी ब्रिटिश गायक-गीतकार इयन ड्युरी यांच्याकडे जाते. त्यांना 1949 साली, वयाच्या सातव्या वर्षी, पोलिओ झाला आणि पुढची काही वर्षे रुग्णालयात आणि ससेक्समधील चेली येथील अपंग मुलांच्या शाळेत गेली. 1981 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा त्यातल्या दयेच्या सुराचा संताप येऊन त्यांनी 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस' लिहिले. बीबीसीने ते दिवसा वाजवायचे नाकारले, आणि 2012 साली लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात अपंग कलावंतांनी ते मोठ्याने सादर केले. त्या गाण्यात कोणी बरा होत नाही. गाणारा आपला अडखळणारा, लाळ गाळणारा देह श्रोत्यापुढे जसा आहे तसा ठेवतो आणि 'मी' म्हणतो. टॉमीला ध्वनिमुद्रिकेच्या दोन-तृतीयांश भागात जे म्हणता येत नाही, ते ड्युरी पहिल्या ओळीपासून म्हणतात.

बरा झालेला टॉमी पुढे संदेष्टा होतो, आणि येथे गीतकार पुन्हा फार तीक्ष्ण होतो. अनुयायांसाठी उभारलेल्या शिबिरात स्वागताला उभा असतो तो अर्नी काका. त्याच्या कृत्याचा जाब कोणी विचारलेला नाही, उलट त्याला कामावर घेतले आहे. शेवटच्या गाण्यात टॉमी आपल्या अनुयायांना डोळ्यांवर पट्टी बांधायला, कानांत बोळे घालायला आणि तोंडात बूच बसवायला सांगतो. पाहू नका, ऐकू नका, बोलू नका. आईबापांनी त्याला दिलेल्या तीन आज्ञा तो जशाच्या तशा पुढे देतो आहे, आणि त्याला वाटते की हाच मुक्तीचा मार्ग. अत्याचार सोसलेली माणसे पुढे अत्याचारी होतात असा निष्कर्ष यातून काढू नये. बहुसंख्य माणसे तसे करीत नाहीत आणि हा समज त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरतो. माझ्या वाचनात मुद्दा वेगळा आहे. टॉमीला काय झाले हे त्याला कोणीच कधी सांगितलेले नाही, म्हणून ज्या गोष्टीने त्याला मोडले तीच त्याला घडवणारी वाटते. अनुयायी बंड करतात, आणि मला ते त्या साऱ्या कथेतील एकमेव निरोगी कृत्य वाटते.

1993 साली ब्रॉडवेवर आलेल्या संगीतिकेत शेवट मऊ केला आहे. तेथे टॉमी कुटुंबाकडे परततो आणि सर्वांना जवळ घेतो, अर्नीलाही. प्रेक्षक भारावतात असे म्हणतात. मला ते पटत नाही, आणि क्षमेला माझा विरोध आहे म्हणून नव्हे. त्या आलिंगनाआधी कोणीही काहीही कबूल केलेले नसते. मूळ ध्वनिमुद्रिकेतील चोवीस गाण्यांत बाप गातो, आई गाते, चुलतभाऊ गातो, काका गातो, डॉक्टर गातो, आणि तू पाहिलेस ते खरेच घडले होते, असे त्या मुलाला यांच्यापैकी एकही जण सांगत नाही.